मावशींसाठी काढलेले पत्ते

डब्लिनच्या कॉलेजात ग्राफिक डिझाइनच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला, पण डब्लिनमध्ये खोली काही मिळाली नाही. शेवटी जवळच्याच नास नावाच्या गावात एका बाईंच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. कॉलेजला रोज बसने जायचं, बसने यायचं. बाई सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी कॅनडात.

पहिल्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "कप प्रेसमध्ये आहेत, घे आणि चहा कर." मी सांगलीची. आमच्याकडे प्रेस म्हणजे छापखाना, नाहीतर इस्त्री. कॉलेजात असताना सुट्टीत मी लग्नपत्रिकांच्या एका छापखान्यात काम करायचे, त्यामुळे मला वाटलं, या बाईंच्या घरात खरंच छपाईचं मशीन आहे. मी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, "कुठे आहे? मला बघायचंय." त्यांनी भिंतीवरच्या कपाटाकडे बोट दाखवलं. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात हे मला असं कळलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

इथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. त्यांनीही तसंच सांगितलं. माझ्या आजीच्या वयाच्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. 'मॅम' म्हटलं तर म्हणाल्या, "मी काय राणी आहे?" मग एक दिवस सहज तोंडून "मावशी" गेलं. त्यांनी अर्थ विचारला. आईची बहीण, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "चालेल. तेच म्हण." त्यांच्या तोंडी ते 'माउशी' व्हायचं.

मावशींची एक सवय सुरुवातीला मला विचित्र वाटायची. माझ्याशी बोलताना त्या माझ्या चेहऱ्याकडे न बघता कानाकडे बघायच्या. मला वाटायचं, मागे कोणी उभं आहे. मग कळलं की त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. सरळ समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग दिसतो, कडेचं मात्र बऱ्यापैकी दिसतं. त्यामुळे मला बघायचं तर त्यांना माझ्या कानाकडे बघावं लागायचं.

कॉलेजात माझी सुरुवात फार जोरात झाली, असं मला वाटलं होतं. पहिल्या कामात आपापल्या गावाचं पोस्टर करायचं होतं. मी कृष्णेचा घाट, हळदीचा पिवळा, गणपतीच्या देवळाचं शिखर, सगळं घातलं. आमचे सर उंच, सावकाश बोलणारे. त्यांनी पोस्टरसमोर उभं राहून मान हलवली आणि म्हणाले, "ग्रँड." मी हवेत तरंगत घरी आले. आईला फोन करून सांगितलं की सरांनी ग्रँड म्हटलं. आईनं शेजारच्या काकूंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी गॉलवेकडच्या एका वर्गमैत्रिणीनं मला हळूच समजावलं, "अगं, इथे ग्रँड म्हणजे ठीक आहे. चालतंय. बस उशिरा आली तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड." मी आईला पुन्हा फोन केला नाही.

पुढची कामंही अशीच ग्रँड होत गेली. माझा हात चांगला होता. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत ए ग्रेड, पुण्यात अप्लाइड आर्टची पदवी, वर्षभर जाहिरात एजन्सीत नोकरी. रंग, अक्षर, मांडणी यांत मला कोणी चूक दाखवू शकत नव्हतं. आणि तरी सर दर वेळी एकच प्रश्न विचारायचे, "छान आहे. पण हे कोणासाठी आहे?"

"सगळ्यांसाठी," मी म्हणायचे.

"त्या सगळ्यांतल्या एकाचं सांग. तो सकाळी उठून काय करतो?"

मी पुढच्या वेळी रंग आणखी नीट लावून आणायचे. नाताळाच्या सुट्टीआधी अंतिम प्रकल्पाचा विषय द्यायचा होता, आणि मी एका कॉफीच्या ब्रँडची कल्पना घेऊन गेले. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू हे केलंस तर पास होशील. तुला पास व्हायचंय की काम करायचंय, ते सुट्टीत ठरव."

मला राग आला. बसमध्ये बसून मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. घरी पोचले तेव्हा मावशी स्वयंपाकघराच्या टेबलावर पत्ते मांडून एकट्याच बसल्या होत्या. पान उचलायचं, डोळ्यांच्या अगदी कडेला न्यायचं, मान वळवायची, पुन्हा खाली ठेवायचं. मी विचारलं, "काय खेळताय?"

"खेळत नाहीये. जमतंय का बघतेय."

मग त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. जवळच्या हॉलमध्ये दर गुरुवारी दुपारी त्यांच्या मैत्रिणी 'पंचवीस' नावाचा डाव खेळतात. मावशी लग्न होऊन या गावात आल्या तेव्हापासून जायच्या. गेल्या उन्हाळ्यात इस्पिकची उतारी असताना त्यांनी इस्पिक समजून किलवर टाकलं, आणि पुढच्याच हाताला त्यांच्याकडून इस्पिक निघालं. असलेलं पान लपवणं म्हणजे पत्त्यात लबाडी. "कोणी मला लबाड म्हटलं नाही," मावशी म्हणाल्या. "म्हटलं असतं तर मी भांडले असते. शेजारच्या बाईनं ते पान उचलून हळूच माझ्या हातात परत दिलं, लहान मुलाला देतात तसं. त्यानंतर मी गेले नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगते."

"मोठ्या अक्षरांचे पत्ते मिळतात की."

त्यांनी प्रेसमधून एक पुडकं काढून माझ्यापुढे टाकलं. आकडे मोठे होते खरे, पण चकचकीत कागदावर दिव्याचा उजेड असा पडायचा की पानच पांढरं दिसायचं. इस्पिक आणि किलवर तर दोन्ही काळे ठिपके. आणि वर खोक्यावर काठी टेकत चाललेल्या म्हाताऱ्याचं चित्र. "हे घेऊन मी हॉलमध्ये जाऊ?" मावशी म्हणाल्या.

मी खोलीत गेले नाही. तिथेच बसून विचारलं, "मावशी, मला हा पंचवीसचा डाव शिकवा."

मी पत्त्यांच्या घरातली. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे झब्बू, बदाम सात, मेंढीकोट चालायचं आणि बाबा बँकेतून आले की कपडे न बदलता डावात बसायचे. त्यामुळे मला वाटलं, हा डाव मी अर्ध्या तासात शिकेन. पण पंचवीसचे नियम ऐकून डोकं गरगरायला लागलं. हुकमाची पंजी सगळ्यांत मोठी, त्याखाली हुकमाचा गुलाम, मग बदामाचा एक्का, हुकूम कोणताही असो. आणि कहर म्हणजे लाल रंगात मोठा आकडा मोठा, पण काळ्या रंगात लहान आकडा मोठा. म्हणजे बदामाची दश्शी सत्तीला मारणार, पण इस्पिकची सत्ती दश्शीला मारणार. मी म्हटलं, "हे कोणी ठरवलं?" मावशी म्हणाल्या, "ठरवणारे कधीच मेले. पान टाक."

सुट्टी संपल्यावर सरांना सांगितलं की कॉफी नको, मी पत्ते करणार आहे. "कोणासाठी?" त्यांनी विचारलं. या वेळी मी सांगायला लागले आणि थांबलेच नाही: नास, गुरुवार, हॉल, परत दिलेलं पान, काळ्या रंगातली सत्ती. सर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू आयर्लंडला जाऊन पत्त्यांवर मास्टर्स करणार?" मागून आईचा आवाज आला, "लोकांना आपण आत्ता काही सांगायला नको."

माझा पहिला जोड अतिशय सुंदर होता. फिकट निळा, राखाडी गुलाबी, राजा-राणीच्या अंगावर पैठणीच्या काठासारखी नक्षी. वर्गात सगळ्यांना आवडला. मावशींच्या हातात दिला तर त्यांनी एकेक पान डोळ्यांच्या कडेला नेलं आणि म्हणाल्या, "हे सगळे कोरे आहेत का?"

त्या रात्री वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सकाळी मी एक जुना चष्मा घेतला, दोन्ही काचांच्या मधोमध व्हॅसलीन फासलं आणि तो लावून घरात वावरायला लागले. चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मावशी मला शोधत आल्या तेव्हा मी जिन्याचा कठडा चाचपत उभी होते. "काय करतेस?" मी सांगितलं. त्यांनी माझ्या चष्म्याला हात लावून बघितला. "अजून जाड लाव," म्हणाल्या. "माझं यापेक्षा जास्त आहे."

त्या चष्म्यातून बरंच काही कळलं. नक्षी म्हणजे घाण. फिकट रंग म्हणजे काही नाही. तीन आणि आठ एकसारखे दिसतात, सहा आणि नऊसुद्धा, कारण त्यांची तोंडं जवळजवळ मिटलेली असतात. म्हणून मी आकडे नव्यानं काढले, तीनची तोंडं उघडी ठेवली, नऊची शेपटी सरळ खाली आणली. चकचकीत कागद सोडून खरखरीत, दुधी रंगाचा घेतला.

मग चार जातींसाठी चार रंग करायचे ठरवले. बदाम लाल, चौकट नारिंगी, इस्पिक काळं, किलवर हिरवं. मला वाटलं, सुटला प्रश्न. एव्हाना मी मावशींना मनवून मैत्रिणींना घरी बोलवायला लावलं होतं. तिघी आल्या. एक बुटक्या, फार बोलणाऱ्या. एक निवृत्त नर्स. आणि तिसऱ्या त्याच, ज्यांनी पान परत दिलं होतं. चहा, स्कोन नावाचे इथले गोडसर पाव, हवेच्या गप्पा झाल्या. मी माझा चार रंगी जोड मांडला. दुसऱ्याच हाताला गोंधळ. नर्सबाईंनी हिरव्या किलवरची दश्शी टाकली आणि आधी पडलेल्या सत्तीला मारलं म्हणून हात ओढून घेतला.

"काळ्यात सत्ती मोठी," बुटक्या बाई म्हणाल्या.

"हे काळं कुठे आहे? हिरवं आहे."

"हिरवं म्हणजे काळंच."

"मग काळंच का नाही केलं?"

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. मावशीही, म्हणजे माझ्या कानाकडे. त्या डावाचा सगळा जीव लाल आणि काळ्यात होता, आणि मी तोच काढून टाकला होता. पण मला त्या क्षणी वाईट वाटण्याऐवजी आनंद झाला. चूक इतकी स्पष्ट दिसली होती की तिच्या पलीकडचंही दिसायला लागलं होतं. मी उठून वरच्या खोलीतून मार्कर आणि कोरे कागद आणले आणि त्यांच्यासमोरच काढायला बसले. लाल लालच, काळं काळंच. पण बदाम भरीव आणि चौकट पोकळ, नुसती जाड रेघेची. इस्पिक भरीव, आणि किलवर म्हणजे तीन पोकळ कड्या. मी चार पानं काढून मावशींपुढे धरली.

त्यांनी मान वळवली. "बदाम," म्हणाल्या. "चौकट. इस्पिक." चौथ्या पानावर त्या थांबल्या नाहीत. "किलवर. हे मला टेबलाच्या पलीकडून दिसतंय."

पान परत देणाऱ्या बाई पुढे झुकल्या. त्यांनी किलवरचा कागद उचलला, आपला चष्मा काढला, चष्म्याशिवाय बघितला. मग मावशींना म्हणाल्या, "गुडघा कसा आहे आता?"

मावशी म्हणाल्या, "बरा होईल असं वाटतंय."

त्यानंतरचे महिने मी झपाटल्यासारखं काम केलं. गुरुवारी दुपारी कॉलेज नसायचं. मी मावशींबरोबर हॉलमध्ये जायचे, नवीन छापलेली पानं द्यायचे आणि कोपऱ्यात बसून बघायचे. कोण पान कसं धरतं, अंगठा कुठे येतो, उजेड कुठून पडतो. अंगठा नेमका कोपऱ्यातल्या आकड्यावर यायचा, म्हणून आकडा थोडा आत सरकवला. बदामाचा एक्का चटकन कळायला हवा होता, कारण तो प्रत्येक डावात हुकूम असायचा. मी त्या पानावर एकच मोठा बदाम काढला, पानाच्या कडांना टेकणारा. त्या पानाचं हॉलमधल्या बायकांनी नाव ठेवलं, 'तुमचा माणूस'. आयरिश लोक ज्याचं नाव घ्यायचं नसतं त्याला असं म्हणतात. "तुमचा माणूस कोणाकडे आहे?" असं डावाडावात ऐकू यायचं. मावशी आता हरल्या की भांडायच्या, जिंकल्या की जास्तच भांडायच्या.

वर्षाच्या शेवटी कॉलेजात प्रदर्शन होतं. प्रत्येकाला भिंतीचा एक तुकडा आणि एक टेबल. बाहेरून परीक्षक यायचे, डब्लिनच्या स्टुडिओंमधले लोक यायचे. माझ्या वर्गातल्या मुलांनी पडद्यावर हलणाऱ्या गोष्टी केल्या होत्या, दिवे लावले होते. माझ्या टेबलावर पत्त्यांचा एक जोड आणि भिंतीवर चार मोठी पानं. मांडून झाल्यावर मला ते फार रिकामं वाटायला लागलं.

उद्घाटनाच्या दुपारी चौघी नासहून बसने आल्या. चौघींनी ठेवणीतले कोट घातले होते आणि बुटक्या बाईंनी लिपस्टिक लावली होती. त्या माझ्या टेबलापाशी आल्या, भिंत बघितली, आणि मावशींनी विचारलं, "खुर्च्या कुठे आहेत?"

"मावशी, हे बघायचं आहे, बसायचं नाही."

"पत्ते उभं राहून खेळतात का?"

मी इकडेतिकडे बघितलं. गॉलवेवाल्या मैत्रिणीनं ऑफिसमधून चार खुर्च्या पळवून आणल्या. चौघी बसल्या, पानं पिसली आणि डाव सुरू झाला. पाच मिनिटांत त्या प्रदर्शनात आहेत हे विसरल्या. नर्सबाईंनी हुकमाची पंजी आपटली, तिचा आवाज अख्ख्या दालनात गेला. लोक वळून बघायला लागले. मग जवळ आले. मग माझ्या टेबलाभोवती अशी गर्दी झाली की मला माझंच काम दिसेना. कोणीतरी विचारलं, "काळ्यात सत्ती मोठी का?" आणि बुटक्या बाईंनी त्या माणसाला खेळता खेळता सगळे नियम सांगितले. तो माणूस बाहेरून आलेला परीक्षक होता हे आम्हाला नंतर कळलं.

त्यानं मावशींना विचारलं, "तुम्हाला पान नीट दिसतं?"

मावशींनी त्याच्या कानाकडे बघितलं. "तुझा चेहरा दिसत नाही," म्हणाल्या, "पण तुझ्या शेजारच्या बाईच्या हातात किलवरचा राजा आहे तो दिसतो." शेजारच्या बाई म्हणजे नर्सबाई. त्यांनी चिडून पानं छातीशी धरली. सगळे हसले. मी मात्र गर्दीच्या मागे उभी होते आणि माझे डोळे भरून आले होते. सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. ते काही वेळ डाव बघत राहिले, आणि मग त्यांनी मला विचारलं, "पुढच्या डावात एक जागा मिळेल का?"

मला त्या वर्षीचं पहिलं बक्षीस मिळालं. निकाल जाहीर झाला तेव्हा चौघींनी मिळून इतका आरडाओरडा केला की वर्गातल्या मुलांनीही शिट्ट्या मारल्या. त्याच गर्दीत डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातल्या एका छोट्या स्टुडिओच्या प्रमुख बाई होत्या. त्यांनी मला पुढच्या आठवड्यात भेटायला बोलावलं. मुलाखतीत त्यांनी माझ्या जुन्या कामांची फाइल उघडलीच नाही. पत्त्यांतल्या नऊच्या शेपटीवर आम्ही तासभर बोललो, आणि उठताना त्या म्हणाल्या, "सोमवारपासून ये."

घरी व्हिडिओ कॉल लावला. मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी नोकरीचं सांगितलं, बक्षिसाचं सांगितलं. आई रडायला लागली. बाबांनी पत्ते कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितले. मी एकेक पान दाखवत गेले आणि ते चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिले. "किलवर पोकळ," ते म्हणाले. "इतकं साधं. आणि कोणाला सुचलं नाही." मग आईकडे वळून म्हणाले, "लोकांना सांग आता."

पुढे स्टुडिओच्याच मदतीनं तो जोड नीट छापला गेला. खोक्यावर काठीवाला म्हातारा नाही, फक्त एक मोठा लाल बदाम. तो आता बऱ्याच हॉलमध्ये, वाचनालयांत पोचलाय. डोळे धड असलेली माणसंही तोच जोड घेतात, असं दुकानदार सांगतात, आणि मला त्याचं सगळ्यांत जास्त समाधान वाटतं.

नोकरी लागल्यावरही मी मावशींकडेच राहिले. त्या वर्षी नाताळाआधी हॉलमध्ये पंचवीसची मोठी स्पर्धा झाली. आसपासच्या गावांतून लोक आले होते आणि प्रत्येक टेबलावर माझे पत्ते होते. मी कामावरून सरळ तिथे गेले. पोचले तेव्हा शेवटचा डाव चालला होता. मावशींच्या समोर किलडेअरमधला एक नावाजलेला खेळाडू होता, लाल गालांचा शेतकरी. त्यानं मोठ्या ऐटीत हुकमाचा गुलाम टाकला. मावशींनी मान वळवून तो गुलाम बघितला, हातातल्या पानांवर एकदा नजर फिरवली आणि हुकमाची पंजी काढून अलगद त्यावर ठेवली.

बक्षीस म्हणून एक भलामोठा गोठवलेला टर्की पक्षी होता. मी जन्माची शाकाहारी. पण मावशींचा एक हात माझ्या दंडावर आणि दुसऱ्यात अंधारापुरती घेतलेली काठी, तेव्हा तो उचलणार कोण? मी तो बाळासारखा छातीशी धरला. थंडीनं बोटं बधिर झाली. हॉलपासून घरापर्यंत मावशी दिसेल त्याला थांबवून डाव पहिल्या पानापासून सांगत होत्या, आणि प्रत्येक वेळी मला म्हणत होत्या, "दाखव गं त्यांना." मी टर्की वर करून दाखवत होते.